रेडीपर्यंतची नसलेली तार

मोठ्या ऑफिसातून पाहणीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "ती सूडोवायर कुठाय? दाखवा बघू." आणि मी दाखवली.

चूक इतकीच की सूडोवायर ही दाखवता येण्यासारखी वस्तू नाही. ती नसते. म्हणजे काम करते, पण नसते. हे मला प्रशिक्षणात व्यवस्थित शिकवलं होतं. पण साहेब समोर उभे राहिले की माझा आधी हात हलतो आणि डोकं मागाहून येतं. मी रॅकच्या मागे गेलो, एका पिवळ्या वायरीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "ही, सर."

साहेब वाकून तिच्याकडे आदराने बघत राहिले. "बारीक आहे," ते म्हणाले.

"नवीन तंत्रज्ञान आहे, सर."

ती आमच्या एक्स्चेंजमधल्या गणपतीच्या दिव्यांच्या माळेची वायर होती. साहेब परत गेल्यावर लेखी आदेश आला की सदर सूडोवायरीवर सूचना लावण्यात यावी. आम्ही लावली, 'हात लावू नये.' त्या वर्षी गणपतीला आम्ही दुसरी माळ विकत आणली.

हे नव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांतलं. मोबाइल हातात आले होते, पण रेंज हवी तर विहिरीच्या कठड्यावर चढावं लागे. घरात खरा फोन म्हणजे तारेचाच. मी मालवणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतो. कागदावर अधिकारी होतो, म्हणजे बिघाड झाला की फोनवर लोकांना एक ठरलेलं वाक्य सांगायचं, "आमच्या बाजूने ओके आहे." हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणत आलो होतो की घरात आमटी खारट झाली तरी तोंडातून तेच निघे. आमटी मी केलेली असली तरी.

आता ही नसलेली तार म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे मालवणला आणि तिकडे रेडीला जुनी यंत्रं होती. त्यांच्या पद्धतीचं नाव एटीएम. नोटा देणाऱ्या यंत्राशी हिचं काही नातं नाही. एटीएममध्ये माणसाचं बोलणं असो की बँकेची माहिती, सगळं एकाच मापाच्या छोट्या डब्यांत भरतात. डबा त्रेपन्न बाइटांचा, त्यातले पाच बाइट पत्ता आणि उरलेले अठ्ठेचाळीस माल. डब्याला सेल म्हणतात. मग मधल्या वाटेवर कुडाळमार्गे नवं जाळं आलं, एमपीएलएस. ह्या जाळ्याला डबे कळत नाहीत. त्याला मोठी पाकिटं कळतात आणि पाकिटावरची चिठ्ठी कळते. चिठ्ठी वाचायची, पाकीट पुढे ढकलायचं, आत काय आहे ह्याची चौकशी करायची नाही.

जुनी यंत्रं मोडीत काढायची तर मंजुरी लागते, आणि मंजुरी यायला लागतो तेवढ्या वेळात यंत्रं आपणहून मोडीत निघतात. म्हणून ही युक्ती. मालवणला जुन्या यंत्राकडून डबे घ्यायचे, नव्या पाकिटात भरायचे, चिठ्ठी लावायची आणि रेडीला पाकीट फोडून डबे जसेच्या तसे तिथल्या जुन्या यंत्राच्या हवाली करायचे. दोन्हीकडच्या जुन्यांना वाटतं, आपल्या दोघांमध्ये अजून तीच आपली सरळ तार आहे. ह्या समजुतीचं नाव सूडोवायर.

बायकोला मी हे जेवताना समजावून सांगितलं, मधे ताट सरकवून, भाताचे डबे करून. ती म्हणाली, "म्हणजे म्हाताऱ्यांका कळूक देवचा नाय, जग बदलला म्हणून. ह्या आमच्या घरात आधीपासून चालू आसा."

तर ह्या कामात दोन आकडे माझ्या हातात होते. एका पाकिटात किती डबे भरायचे, हा पहिला. आणि पाकीट भरलं नाही तर किती वेळ वाट बघून ते तसंच सोडायचं, हा दुसरा. बोलणं जाणार असेल तर दोन्ही आकडे लहान ठेवावेत, असं प्रशिक्षणात सांगितलं असणार. तो तास जेवणानंतरचा होता, आणि जेवणात सुरमई होती.

मी माझ्या अकलेने विचार केला. एक डबा आला की लगेच एक पाकीट सोडायचं, म्हणजे एका बांगड्यासाठी अख्खा टेम्पो पाठवायचा. मालवणच्या माणसाला हे सहन होत नाही. आमच्याकडची सहा आसनी रिक्षा अकरा माणसं बसल्याशिवाय स्टँडवरून हललेली मी पाहिली नाही, आणि बारावा लांबून हात दाखवत असेल तर त्याच्यासाठीही थांबते. रिकामी गाडी सोडणाऱ्याकडे आमच्याकडे काळजीने बघतात. मी दोन्ही आकडे जास्तीत जास्त ठेवले, आणि रेडीच्या एक्स्चेंजातल्या माणसालाही तसेच ठेवायला लावले. भर म्हणून पलीकडे डबे उतरवताना ते थोडा वेळ साठवून एकसारखे सोडायची जी सोय होती, तीही पूर्ण ताणली. ते यंत्र बनवणाऱ्याने हे आकडे इतके वर का जाऊ दिले कोण जाणे. त्याला मालवणी गिऱ्हाईक भेटलं नसावं.

मग सकाळी अकराला चाचणी घेतली. त्या वेळी बँका, कचेऱ्या, बंदर, सगळे एकमेकांशी बोलत असतात. डबे धो धो येत होते, पाकिटं क्षणात भरून सुटत होती. रेडीचा माणूस म्हणाला, "झकास." आलेखातली रेघ खाली गेली, म्हणजे जाळ्यातली जागा वाचली. मोठ्या साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं. वाचलेल्या जागेचं काय करायचं ते पत्रात नव्हतं, कारण ती जागा आधीही रिकामीच होती.

दुपारी चाचणी घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. मालवण दुपारी एक ते चार झोपतं. मीही मालवणात धरलेला.

आता खरी गोष्ट. माझी मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, शाळेत शिक्षिका. वय तिशीच्या पुढे गेलेलं. तीन-चार स्थळं येऊन चहा पिऊन गेलेली. शेवटी एक मुलगा मनासारखा मिळाला. तो रेडीच्या बंदरात, जिथे जहाजांत खनिज भरतात, तिथे कारकून होता. दोघं दोनदा भेटली होती. मेव्हणी तोंडाने काही बोलली नाही, पण आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली होती, आणि सासूबाईंनी ते ऐकून देवापुढे नारळ ठेवला होता.

अडचण एकच, मुलाची आत्या. मुलाला आई नव्हती, आत्येनेच वाढवलेला. त्या घरात शेवटचा शब्द तिचा. तिने आधीच्या दोन मुली नाकारल्या होत्या, आणि त्याचं कारण मुलींमध्ये नव्हतं. एका घरी तिने काहीतरी विचारलं तेव्हा बाप उत्तर द्यायला थांबला होता, दुसऱ्या घरी आई थांबली होती. विचारल्यावर जो थांबतो तो काहीतरी लपवतो, हे तिचं ठाम मत होतं.

आत्येचे पाय सुजलेले, म्हणून ती आमच्याकडे येऊ शकत नव्हती. आमच्या लोकांनी जीप करून रेडीला जायचं, तिथे बोलणी करायची आणि गाऱ्हाणं घालायचं, असं ठरत होतं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला नारळ-विडा ठेवून जाणत्या माणसाने मोठ्याने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. आमच्याकडे सोयरीक कागदावर नाही, त्या होकारावर पक्की होते.

तिथे मी तोंड घातलं. "जीप कशाला? फोनवर करूया. दोन्हीकडे स्पीकर लावायचा. लाइन मी स्वतः घातलीय."

बायकोने विचारलं, "लाइन बरी आसा मां?"

"बाजूच्या खोलीतून बोलल्यासारखी. आणि दुपारी अडीचला करा. तेव्हा लाइनी मोकळ्या असतात."

रविवार ठरला. सासऱ्यांचं घर मालवणपासून चार मैलांवर. पडवीत फोन आणून ठेवला, त्याच्याखाली पाट, बाजूला नारळ. गाऱ्हाणं घालायला गावचे मानकरी, गावकार आले; ते सासऱ्यांचे चुलत भाऊ. ते त्या दिवशी उपाशी होते, कारण जेवण गाऱ्हाण्यानंतर होतं आणि चुलीवरच्या कोंबडीचा वास पडवीपर्यंत येत होता. पंधरा-वीस माणसं जमली. मी फोन लावून दिला आणि हाताची घडी घालून उभा राहिलो.

आत्येचा आवाज आला, अगदी स्वच्छ. पहिला प्रश्न मुलीबद्दल. "चेडू तुमचा ह्या सोयरिकीक राजी आसा मां?"

"व्हय, व्हय," सासरे तिच्या शब्दाला लागूनच म्हणाले.

पलीकडे काही नाही. मग आत्या, "आयकूक येता मां? राजी आसा काय म्हणून इचारलंय."

"व्हय म्हणून सांगितलंय नाय!" सासऱ्यांचा आवाज चढला.

पुन्हा थांबा. "मगे वराडतास कित्याक? इचार करूक येळ होयो तर घेवा. आमका घाय नाय."

सासऱ्यांनी स्वतःला आवरलं आणि नरमाईने विचारलं, "लग्नानंतर आमच्या चेडवाक नोकरी करूक देतल्यात मां?"

पुन्हा तेच, गप्प. सासऱ्यांनी फोनवर हात ठेवून माझ्या बायकोला म्हटलं, "बघ. थांबली." तेवढ्यात "देतलव तर!" असं आलं, पण तोवर सासऱ्यांचं तोंड फिरलेलं होतं.

"गाऱ्हाणा सुरू करूया," गावकार म्हणाले. कोंबडी शिजली असावी.

त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या आशीर्वादान दोन घरांची सोयरीक जुळता आसा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"ह्या कामात जर कोणाच्या मनात काय काळाबेरा असात..."

"व्हय म्हाराजा!" फोनमधून रेडीकर एका सुरात गरजले.

गावकारांनी एक डोळा उघडला. "...तर ता तू दूर कर!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"पोराक जर कसला येसन असात..."

"व्हय म्हाराजा!" रेडी.

पडवीत कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग ते आवरेना, शेजारच्यालाही लागलं. गावकार मात्र थांबणारे नव्हते, त्यांना भूक लागली होती. "...तर ता तू सोडव! आणि ह्याच्या आधी जर खंय दुसरीकडे शब्द दिललो असात..."

"व्हय म्हाराजा!"

"अरे बापरे," मागून बायकांतला एक आवाज.

आता लक्षात घ्या, रेडीकर बिचारे प्रत्येक मागण्याला वेळेवरच होकार भरत होते. फक्त आमचं मागणं त्यांच्यापर्यंत उशिरा पोचत होतं आणि त्यांचा होकार आमच्यापर्यंत आणखी उशिरा येत होता. आम्हाला तो पुढच्या मागण्याच्या अर्ध्यावर ऐकू येत होता, नेमका जिथे नको तिथे. आणि त्यांना काय ऐकू गेलं? गावकार म्हणाले, पोराला व्यसन असेल तर, आणि आमची पडवी हसली.

"हसतास कित्याक?" आत्या कडाडली. "आमच्या पोराक हसतास? आमी मगे कळवतलव." फोन बंद झाला.

सगळे माझ्याकडे वळले. सासरे म्हणाले, "जांवयबापू, लाइन बरी आसा मां तुमची?"

मी तिथूनच एक्स्चेंजला फोन केला. ड्यूटीवरचा टेक्निशियन म्हणाला, "साहेब, सगळे दिवे हिरवे आहेत." आणि मी फोन ठेवून, वीस माणसांसमोर, इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणालो, "आमच्या बाजूने ओके आहे."

"मगे माणसांच तशी," सासरे म्हणाले आणि नारळ उचलायला वाकले.

तेवढ्यात मेव्हणी आतून बाहेर आली. ती रडत नव्हती, शाळेत मुलांसमोर उभी राहते तशी उभी होती. "भावजी," ती म्हणाली, "तुमची लाइन बरी असात तर ती माणसां खोटी. आणि माणसां बरी असतीत तर तुमची लाइन खोटी. दोनातला खंयचा, ता माका आज सांगा. मी थांबतंय."

 मी स्कूटर काढली.

मालवण स्टँडवर तीन वाजता कुत्रं जागं नव्हतं. एक सहा आसनी उभी होती, आत दोन मासेवाल्या पाट्या घेऊन बसलेल्या, आणि ड्रायव्हर सावलीत पाय पसरून पडलेला.

"सोड रे आता," एक म्हणत होती.

"भरल्याशिवाय नाय."

"दुपारची कोण तुझी आवस येतली भरूक? म्हावऱ्याक वास इलो तर तूच खा, मेल्या!"

मी स्कूटर थांबवली. पाय जमिनीला टेकले तसे माझे दोन आकडे आठवले. दुपारची वेळ. फोन करणारं कोणी नाही. तुरळक डबे येतायत आणि माझं पाकीट, भरल्याशिवाय नाय म्हणत, पूर्ण मुदत संपेपर्यंत उभं राहतंय. पलीकडे आणखी साठवण. सासऱ्यांचं ते तत्पर "व्हय" त्या पाटीसारखं आत बसून राहिलं होतं.

एक्स्चेंजमध्ये जाऊन दोन्ही आकडे खाली आणले, साठवणही कमी केली. रेडीच्या माणसाला झोपेतून उठवून त्याच्या बाजूचेही आणायला लावले. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. मग उरलं ते खरं काम. मी आत्येचा नंबर फिरवला. बाजूला दोन टेक्निशियन बघत उभे होते.

"आत्ये, मी मालवणसून बोलतंय. थोरलो जांवय. टेलिफोनातलो."

"बोला," आत्या म्हणाली, बर्फासारखी.

माझ्या तोंडात ते ठरलेलं वाक्य आलंच होतं. मला डोळ्यांसमोर मेव्हणी दिसली, पडवीत उभी. मी म्हणालो, "आत्ये, चूक माझी आसा. लाइन मी चुकीची लावलंय. तुमी बोलतास ता आमका उशिरा येय, आमी बोलतव ता तुमका. माझो सासरो थांबूक नाय. माझी मशीन थांबली."

टेक्निशियनांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या ऑफिसात हे वाक्य यापूर्वी कोणी उच्चारलं नव्हतं.

"आणि हसलास ता?"

मी तेही सांगितलं, मागण्यासकट, कुठल्या शब्दावर कुठला होकार पडला ते. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, आकडे बदललेच नाहीत की काय. मग खोकल्यासारखा आवाज आला. आत्या हसत होती.

"आता लाइन सुदारली म्हणतास?"

"व्हय."

"मगे बघूया." तिने घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा! ह्या मालवणच्या जांवयाक अक्कल कमी पडली असात..."

ती थांबली. मधेच होकार पडतो का, ते बघत असावी. "...तर ती तू पुरी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो, ताठ उभा राहून.

"हेणी जर परत कसल्या यंत्राक हात लावल्यान, तर आधी कोणाक तरी इचारण्याची बुदी दी!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी टेक्निशियनही म्हणाले.

असं पाच-सहा मागण्यांपर्यंत चाललं. काही मागण्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. शेवटी आत्या म्हणाली, "बरोबर येता आता. सासऱ्याक सांगा, जीप करून येवा म्हणून. माका माणसां तोंडार बघून इचारूची आसत. तुमचो फोन नको."

पुढल्या रविवारी जीप केली. सगळे गेले, मला घरी ठेवून. आत्येने विचारलं, सासरे थांबले नाहीत, सोयरीक पक्की झाली आणि महिन्याभरात लग्नही लागलं. आलेखातली रेघ वर गेली म्हणून मोठ्या ऑफिसातून लेखी खुलासा मागवला, वाचवलेली जागा पुन्हा का खर्ची पडली. मी लिहिलं, लोकहितार्थ. त्यावर कोणाला काय विचारावं सुचलं नसावं.

पण त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी एक्स्चेंजमधून सासऱ्यांकडे परतलो, तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. टेक्निशियनने फोन करून सगळं सांगितलं होतं, माझ्या आवाजाच्या नकलेसह. मेव्हणीने माझ्या ताटात कोंबडीची तंगडी वाढली. बायको समोर बसून वारा घालत होती.

"खरांच म्हटल्यात? चूक माझी, असा? त्या बायेक?"

"म्हटलं."

तिने पंखा खाली ठेवला. "अठरा वर्सां झाली लग्नाक, माका एकदाय म्हणूक नाय. माका आधी कळला असता, तर मी रेडीक जावनच फोन केलंय असतंय."